सळयांना सिमेंटचं पाणी

१२ नोव्हेंबर २०००

आज गच्चीवर जाऊन सळयांना सिमेंटचं पाणी लावलं. सहा खांब आहेत, आणि प्रत्येकातून चार सळया माझ्या खांद्यापर्यंत वर आलेल्या. हे होते तेव्हा दर दिवाळीनंतर हेच काम करायचे. डब्यात सिमेंट ताकासारखं पातळ कालवायचं आणि जुन्या ब्रशाने एकेक सळई खालून वर रंगवायची, म्हणजे गंज धरत नाही. गेल्या वर्षी मी केलं नाही. गेल्या वर्षी मी काहीच केलं नाही.

इथे रायपूरच्या गुढियारीत अर्ध्या घरांच्या डोक्यावर अशा सळया आहेत. खालचं घर झालं की पैसे संपतात, आणि वरच्या मजल्याच्या नावाने सळया उभ्या राहतात. आमच्या सळया मात्र ह्यांच्याच मिलच्या. उरला म्हणजे गावाबाहेरची कारखान्यांची वस्ती, हे तिथल्या रोलिंग मिलमध्ये माल पाठवायच्या खात्यात होते. माल भट्टीतून लाल निघतो तेव्हापासून आपण ओळखतो, असं सांगायचे.

ही डायरीही मिलने दिलेली. १९९९ ची आहे. ह्यांनी पहिल्या पानावर नाव घातलं, पुढे काही लिहिलं नाही. वार जुळत नाहीत, पण पानं कोरी आहेत.

राज्य नवं झालं, त्याचे फटाके परवापर्यंत वाजत होते. रायपूर राजधानी झाली. प्रेमला म्हणते, आता भाडी वाढतील, वरती दोन खोल्या काढा. प्रेमला शेजारची, तिचे यजमान रेल्वेत.

१८ जानेवारी २००१

मुलाचं, निरंजनचं लग्न जमलं. मुलगी गोंदियाची, स्नेहल. वडील रेल्वेत गार्ड. माणसं सरळ आहेत. तिच्या वडिलांनी एकच विचारलं, "पोट्टीले खोली कोणती?" खाली आमच्या दोनच खोल्या, एकीत देव आणि मी. मी म्हटलं, वर काढतो आहोत.

निरंजन ह्यांच्याच जागी मिलमध्ये लागलाय. तेच खातं, तेच टेबल.

नत्थू मिस्त्रीला बोलावलं. खालचं घर त्यानेच बांधलं. त्याने गच्ची पावलांनी मोजली, सळई हाताने वाकवून पाहिली आणि म्हणाला, "बने हे भौजी. छड़ बिसा लेव, बाकी मैं देख लेहूँ." इथे सळईला छड म्हणतात, आणि विकत घेण्याला बिसाना.

ह्यांचा पीएफ बँकेत तसाच आहे. तो त्यासाठीच.

३ फेब्रुवारी

ह्यांचा एक नियम होता. छड घ्यावी श्रावणात. पावसात बांधकामं थांबतात, मिलचा माल पडून राहतो, भाव उतरतो. उन्हाळ्यात घेणारा मूर्ख. मी नत्थूला सांगितलं, पावसाळ्यापर्यंत थांबू. मांडव तसाही पुढच्या वर्षीच्या वैशाखातच घालायचाय.

२ एप्रिल

इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात नागपूरचा पेपर दुपारी येतो. मी सातवीपर्यंतच शिकले, पण पेपर सगळा वाचते, जाहिरातींसकट. कालपासून सातशेच्या वर वस्तूंवरची आयातीची बंदी उठली. बाहेरचा माल आता शुल्क भरून सरळ येणार. सायकली, कुलुपं, खेळणी, काय काय यादी होती. अग्रलेखात लिहिलं होतं की हा जागतिक करार आहे, यातून मागे फिरता येणार नाही.

मला वर्ध्याचा जकात नाका आठवला. लहानपणी बाबा आम्हाला आंबे आणायला न्यायचे. नाक्यावर गाडीवाला जकात भरायचा आणि बडबडायचा. मला त्याची दया यायची. मग बाजारात तोच गाडीवाला डझनामागे भाव वाढवून सांगायचा. जकात त्याने भरली, पण आंबा आम्हालाच महाग पडला. आणि आमच्या गल्लीतल्या बागवानाला बरं झालं, कारण त्याचा आंबा नाक्याच्या आतला होता.

आता नाका उघडला. म्हणजे आम्हाला आंबा स्वस्त. बागवानाचं काय, ते अग्रलेखात नव्हतं.

९ जून

सळईचा भाव उतरतोय. पाऊस अजून यायचाय, तरी उतरतोय! रशिया, युक्रेन, कुठून कुठून लोखंड स्वस्तात येऊन पडतंय म्हणे, आणि जगात घेणारं कोणी नाही. मी रोज संध्याकाळी जेवताना निरंजनला वाचून दाखवते. "आज अजून उतरला रे." तो "हव आई" म्हणतो आणि ताटाकडे बघतो. दमून येतो पोट्टा.

हे असते तर म्हणाले असते, बघ, थांबलीस ते बरं केलंस.

१ जुलै

निरंजनने घड्याळ आणलं, भिंतीवरचं. चीनचं आहे. किंमत ऐकून मी पुन्हा विचारलं. एवढ्यात तर पूर्वी दुरुस्ती व्हायची नाही. मिलमधला कोणी विकतो म्हणाला. गेल्या आठवड्यात टॉर्च आणली होती, त्याआधी छत्री. छत्रीची एक काडी वाकलीय, पण त्या किमतीत काय बोलायचं.

१५ जुलै

एक गंमत लिहायची राहिली. निरंजनचे कपडे आता काळे निघत नाहीत. वीस वर्षं मी उरल्याची धूळ धुते आहे. आधी ह्यांच्या शर्टांची, मग याच्या. पहिल्या बादलीचं पाणी काजळासारखं निघायचं. गेला महिनाभर पाणी नुसतं मातकट निघतंय. साबणाची नवी वडी आणली होती, पिवळ्या कागदातली, दोनवर एक फुकट, तिचाच गुण असणार. प्रेमलालाही सांगितलं, हाच घे.

प्रेमला म्हणाली, "विनोदिनीबाई, माह्या घरी तर त्याच साबणानं काळं पाणी निघून राहिलं."

मी म्हटलं, घासत नसशील.

६ ऑगस्ट

श्रावण लागून पंधरा दिवस झाले. भाव इतका खाली आहे की दुकानदार स्वतः बोलावतोय. नत्थू दोनदा येऊन गेला. निरंजनही म्हणाला, "ले लो ना आई, अब कितना गिरेगा."

मी म्हटलं, अजून उतरेल. पेपरात तसंच आहे.

आज गच्चीवर उगाच जाऊन आले. पावसाने सळयांवरचं सिमेंट थोडं गेलंय. एका सळईवर ह्यांच्या ब्रशाचा ओघळ तसाच वाळलेला आहे, नखाएवढा. तेवढ्या जागी मी पुन्हा लावलं नाही.

२९ ऑगस्ट

नत्थू परत आला. मी सांगितलं, आता पितृपक्ष येतोय, त्यात काम काढायचं नाही. तो ओसरीवर बसला, विडी कानामागे खोचली आणि म्हणाला, "ओखर बाद?"

ओखर बाद अधिकमास. त्यातही नवं काम धरत नाहीत.

"भौजी, भाव गिरिस त आप रुकेव, भाव अऊ गिरिस त आप रुकेव. छड़ बिसावत हव के अंडा सेवत हव?"

मला हसू आलं. अंडी उबवणारी कोंबडी! चहा दिला त्याला. पण गेल्यावर जरा राग आला. याला कॅलेंडर कोण समजावणार.

५ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहून काढते, नाहीतर रात्रभर डोक्यात फिरेल.

अधिकमास म्हणून प्रेमलाला जावयाला तेहतिसाचं वाण द्यायचं होतं. तेहतीस अनारसे देतात, किंवा बत्तासे. तिच्या जावयाला साखरेचा आजार. तिने गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, बाई, संख्या महत्त्वाची, वस्तू काहीही चालेल. म्हणून ती मला घेऊन गोलबाजारात गेली, तेहतीस काहीतरी स्वस्तात मिळतं का बघायला.

"तेहतीस पेन देते," ती म्हणाली. "एलआयसीत आहे तो, कामाले येतील."

एका गल्लीत नवं दुकान होतं. दारापासून आतपर्यंत चीनचा माल. घड्याळं, टॉर्च, छत्र्या, पेनं, सगळं टांगलेलं. गर्दी होती. काउंटरमागचा मुलगा खाली वाकून खोकं फोडत होता. आमची सावली पडली तसा तो वर न बघताच म्हणाला, "बोलिए अम्मा, क्या दिखाऊँ?"

आवाज ऐकून मी थांबले. मग त्याने वर पाहिलं. माझा निरंजन.

अंगावर स्वच्छ शर्ट. सकाळी मीच डबा दिला होता, उरल्याला जायचा म्हणून. डबा मागे फळीवर दिसत होता, घड्याळांच्या खाली.

प्रेमलाच म्हणाली, "तेहतीस पेन दे रे बाबू, निळ्या शाईचे." त्याने मोजून दिले. तरी चौतीस आले. प्रेमलाने एक परत ठेवलं.

रात्री जेवायला बसलो. तेव्हा त्याने सांगितलं, मिल जूनपासून बंद आहे. पहिल्या आठवड्यातच. माल तयार करण्याचा खर्च निघत नव्हता, विजेचं बिलही नाही. मालकाने कुलूप लावलं, सुरू झाली की बोलावतो म्हणाला.

मी विचारलं, "मले सांगितलं काहून नाही?"

त्याने पोळीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला. मग म्हणाला, "तू रोज पेपर वाचून खुश होत होतीस आई. आज उतरला, आज अजून उतरला. मैं क्या बोलता? त्या भावानेच तर मिल बंद पडली."

मी ताट तसंच ठेवून उठले. भांडी घासली. पिवळ्या कागदातली साबणाची वडी मोरीवर होती. चार महिने मी त्याचे शर्ट धूत होते.

७ ऑक्टोबर

वाटतं तो खोटं बोलला म्हणून मी रागावले आहे. पण काल दिवसभर आठवत होते ते माझंच बोलणं. "आज अजून उतरला रे." कसा चेहरा करून म्हणत असेन मी!

भाव एकच. पेपरात एकाच ओळीत छापलेला. वाचणारी मी आणि ऐकणारा तो, समोरासमोर पाटावर बसून.

११ ऑक्टोबर

स्नेहलच्या वडिलांना पत्र लिहिलं. खरं ते सगळं लिहिलं. मिल बंद आहे, मुलगा दुकानात आहे, पगार अर्धा आहे. खोली झालेली नाही, आणि ती झाली नाही यात मिलचा दोष नाही, ती मीच केली नाही. हे शेवटचं वाक्य तीनदा खोडून परत लिहिलं. ते का लिहिलं मला माहीत नाही, पण पत्र तसंच टाकलं.

२४ ऑक्टोबर

प्रेमलाकडे फोन आला. आधी स्नेहलचे वडील बोलले. म्हणाले, मिल सुरू झाली की बघू, तोपर्यंत दोन्हीकडून मोकळे समजा. आवाज वाईट नव्हता, पण शब्द तेच होते.

मग फोन तिने घेतला. स्नेहल. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच बोलली माझ्याशी.

"आई, खोलीचं राहू द्या. बाबांचं मी पाहून घेतो. पण त्यायले सांगा, मले खोटं नाही चालत."

"मलेही नाही चालत," मी म्हटलं.

"मग तुमचं आमचं जमते."

प्रेमला दारात उभी राहून सगळं ऐकत होती आणि खुणेनेच विचारत होती, काय म्हणते, काय म्हणते. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पोट्टी तिखट आहे. तुमच्या घरी लागतेच कोणीतरी."

७ मार्च २००२

अमेरिकेने बाहेरच्या लोखंडावर शुल्क बसवलं. काहींवर शंभराला तीस. त्यांच्या मिल बंद पडत होत्या म्हणून. म्हणजे तिथेही उरला आहे, आणि तिथेही कुणाचा शर्ट अचानक स्वच्छ निघत होता.

दुपारपासून याचाच विचार करतेय. तिथे एखादी माझ्यासारखी असेल, तिला घर वाढवायचं असेल. तिला आता लोखंड महाग पडणार. ती सरकारला शिव्या देणार. आणि शेजारच्या घरात मिलवाला राहत असेल, तो त्याच दिवशी जेवताना हसत असेल. त्या दोघींच्या, म्हणजे ती आणि मिलवाल्याची बायको, दोघींच्या घरात एकच भिंत असेल तर?

इथे आमच्यात तर भिंतही नव्हती.

आणि जे लोखंड अमेरिकेने दारातून परत पाठवलं, ते जाणार कुठे? लग्नाचा मांडव अचानक मोडला तर केलेला स्वयंपाक गावभर वाटतात. ते जेवण आपल्या दारी येईल, अशी भीती पेपरात होती. निरंजनला विचारलं. तो म्हणाला, "मालूम नहीं आई. मिलवाल्यांना पण मालूम नाही. सगळे पेपरच वाचून राहिले."

१६ नोव्हेंबर २००२

दिवाळी झाली. सळयांना सिमेंटचं पाणी लावलं. यंदा निरंजन वर आला. त्याने दुसरा ब्रश घेतला. ओघळाच्या जागी तो लावायला गेला तेव्हा मी म्हटलं, तिथे राहू दे. त्याने काही विचारलं नाही, पुढच्या खांबाकडे गेला. त्याचा रंग मारायचा हात हुबेहूब ह्यांच्यासारखा आहे, मनगट न हलवता.

भाव चढतोय. भीती होती त्याच्या उलटच झालं. चीन घरं आणि पूल बांधतोय आणि सगळ्या जगाचं लोखंड ओढून घेतोय, असं म्हणतात. ज्याने आम्हाला घड्याळ स्वस्त केलं त्यानेच छड महाग केली.

२० डिसेंबर

मिल सुरू झाली. माणूस घरी बोलवायला आला, सायकलवर. निरंजनने दुकानाच्या मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, जा, पण इतवारच्या दिवशी आलास तर चालेल.

संध्याकाळी परत आला तेव्हा पापण्यांवर काळी धूळ होती. मी त्याच्याकडे बघतच राहिले. "क्या हुआ?" तो म्हणाला. काही नाही म्हटलं.

९ मार्च २००३

गोंदियाहून स्नेहलच्या वडिलांचं पत्र. अक्षय्यतृतीयेला मुहूर्त धरू, पण खोली त्याआधी व्हावी.

भाव विचारून आले. श्रावणातल्या त्या भावाच्या जवळजवळ दीडपट. त्याच पैशात तेव्हा दोन खोल्या आल्या असत्या, आता जेमतेम एक.

प्रेमला म्हणाली, "थांबा जरा. सरकार बाहेरच्या लोखंडावरचं शुल्क कमी करनार म्हणतात. पावसात उतरेलच."

दुकानदारही तेच म्हणाला. पेपरातही तसं आहे. ह्यांचा नियमही तोच सांगतो, उन्हाळ्यात घेणारा मूर्ख.

भाव कमी झाला तर कोणाच्या मिलला कुलूप लागेल ते माहीत नाही. न लागो. पण तो उतरावा म्हणून मी आता वाट बघू शकत नाही. रोज जेवताना त्याच्या समोर बसून मी मनात तरी कसं म्हणू, उतर बाबा, उतर.

आणि दुसरी गोष्ट, ती इथेच लिहिते. भाव खाली होता तेव्हा मला श्रावण मिळाला होता, पैसे होते, नत्थू होता. तरी मी छड घेतली नाही. त्या सळया उघड्या होत्या तोवर ह्यांचं काम अर्धं होतं. अर्धं काम टाकून माणूस जात नाही, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

नत्थूला निरोप पाठवला.

२ एप्रिल

छड आली. निरंजनच्याच मिलची. गाडीबरोबर तोही आला, माल उतरवताना मोजत उभा राहिला. नत्थूने एक छड उचलून जमिनीवर आपटली आणि आवाज ऐकला. "हव, बने हे."

मग जुन्या सळयांपाशी नव्या उभ्या केल्या. मला वाटलं होतं, जुन्या कापतील. तसं नसतं. नवी सळई जुनीला हातभर नाही, चांगली दोन हात चिकटवून लावतात आणि तारेने ठिकठिकाणी बांधतात. नत्थू म्हणाला, एवढं बांधलं नाही तर वरचं वजन खाली पोचत नाही. एकटी सळई काही कामाची नाही, तिला जुनीचा आधार घ्यावा लागतो.

तार पिळायला निरंजन बसला. नत्थूने शिकवलं, दोन वेढे, मग पकडीने एक पीळ, जास्त पिळली तर तुटते. ओघळाची सळई होती तिथे तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, बांध.

२१ एप्रिल

स्लॅब टाकला. पहाटेपासून मिक्सर, बाया टोपल्या घेऊन रांगेत, नत्थू ओरडतोय. प्रेमलाने सगळ्यांना पोहे केले. चार खांबांवर एक खोली झाली. मागचे दोन खांब तसेच आहेत, सळया उभ्या. नत्थू म्हणाला, "एला काट देंव का भौजी? दिखथे बने नइ."

मी म्हटलं, राहू दे. दिवाळीनंतर सिमेंटचं पाणी लावायला सून येणारच आहे.

२३ एप्रिल

स्लॅबवर आळं करून पाणी भरलंय, ते वाळू द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मी वर जाते. खाली खोलीत ओलं सिमेंट वास मारतंय, आठ दिवस कोणी पाय ठेवायचा नाही.

आज निरंजनचे कपडे धुतले. पहिल्या बादलीचं पाणी काजळासारखं निघालं. प्रेमला भिंतीवरून बघत होती.

"साबण बदला विनोदिनीबाई," ती म्हणाली. "हा काही कामाचा नाही."

मी म्हटलं, नको. हाच चांगला आहे.